त्याला सांग, टॅपेटला हात लावू नको

बाबांची मोटारसायकल मला कधीच आवडली नाही. शंभर सीसी, काळी, टाकीला डाव्या बाजूला पोचा. पोचा माझ्या मोठ्या भावानं पाडला होता, पण बाबांनी तो शेवटपर्यंत माझ्या नावावर ठेवला. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते. त्या गाडीवरून कामाला गेले आणि त्याच गाडीवरून गळ्यात हार घालून रिटायर होऊन घरी आले. पुढे त्यांचे पाय सुजायला लागले आणि गाडी चाळीच्या मागच्या अंगणात उभी राहिली ती राहिलीच. इंजिनात पाणी गेलं, पिस्टन जाम झाला. बाबा गेले तेव्हा किकवर उभं राहिलं तरी ती खाली जात नव्हती. मी भंगारवाल्याला बोलावणारच होतो.

तेवढ्यात दहाव्याला कावळा आडवा आला.

बदलापूरला नदीच्या घाटावर पिंड मांडले, सगळे मागे सरले, आणि कावळा समोरच्या भिंतीवर बसून राहिला. दादा हात जोडून पुढे झाला. "बाबा, आईची काळजी करू नका. आईला मी सांभाळीन." कावळ्यानं मान वळवून दुसरीकडे बघितलं. मग मी पुढे झालो. "आईला आम्ही दोघं सांभाळू." काही नाही. आई बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि कावळ्याकडे टक लावून बघत होती. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. मला काहीच सुचेना, म्हणून म्हटलं, "बाबा, तुमची गाडी चालू करतो." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

दादाला ते झोंबलं. "आईचं नाव घेतलं तर आला नाही, लोखंडाला आला," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. "आणि शब्द कोण देतंय, तर ज्यानं जन्मात त्या गाडीचं चाक पुसलं नाही." मी म्हटलं, "टाकीला पोचा पाडण्यापेक्षा चाक न पुसलेलं बरं." घाटावर, दहाव्याला, झाडून सगळ्या नातेवाइकांसमोर. त्या दिवशी आमचं बोलणं जे बंद झालं ते वर्षश्राद्धालाही उघडलं नाही.

मी बदलापूरला राहतो, दादा उल्हासनगरला, आई मध्ये अंबरनाथला. आम्ही दोघंही एमआयडीसीत. तो केमिकलच्या कंपनीत, मी एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. तो कायम सकाळपाळीला असतो, म्हणून मी साहेबांच्या मागे लागून दुपारपाळी घेतली. सुटल्यावर रिक्षा स्टँडवर त्याचं तोंड बघायला नको, एवढंच कारण. मी कामावर जाण्याआधी सकाळी आईकडे डोकावायचो, तो काम सुटल्यावर. आईला दिवसातून दोन वेळा मुलगा भेटत होता आणि आम्हाला एकमेकांचा वाससुद्धा येत नव्हता. व्यवस्था उत्तम होती.

मग चाळ पाडायचं ठरलं. मालकानं बिल्डरला दिली आणि दसऱ्यानंतर खोल्या रिकाम्या करा म्हणून सांगितलं. नवीन इमारत उभी राहीपर्यंत आई कुठे राहणार, हा खरा प्रश्न. पण तो सोडवायला एकमेकांशी बोलावं लागलं असतं. त्यामुळे आम्ही दोघांनी आधी गाडी हातात घेतली. कावळ्याला शब्द दिलेला होता आणि दसऱ्याच्या आत ती चालू करणं भाग होतं, नाहीतर बुलडोझर तिच्यावरून गेला असता. माझं म्हणणं, शब्द मी दिला, गाडी मी करीन. दादाचं म्हणणं, कावळा माझ्याही बापाच्या पिंडावर बसला होता.

एका इंजिनावर दोन माणसं, दोन पाळ्यांत, तोंडातून अवाक्षर न काढता. हे असं कुणी करतं का? आम्ही केलं.

मी सकाळी इंजिन उतरवून चौरंगावर ठेवलं. तोच चौरंग, ज्यावर गणपती बसतो. आईनं फक्त वर प्लास्टिक अंथरलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर दादानं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून ठेवलेलं. नट सगळे एका डब्यात, लहान-मोठे एकत्र, भेळ केल्यासारखे. मी ते सगळे वेगळे करून पिशव्यांत भरले. त्याच्या पुढच्या दिवशी पिशव्या पुन्हा रिकाम्या आणि नट पुन्हा डब्यात. त्याला डबाच लागतो. लहानपणी गोट्यांनाही डबाच लागायचा.

सिलिंडर आतून घासून, बोअर होऊन आला तेव्हा मी धरून चाललो की पिस्टन आणायचा राहिलाय. उल्हासनगरला ज्या सिंधी दुकानदाराकडून बाबा पार्ट घ्यायचे, त्याच्याकडे गेलो. त्यानं माप ऐकलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"साईं, यही माल कल एक लेके गया. शकल तेरे जैसी, दिमाग भी तेरे जैसा, बहुत चिडचिड करता था. भाई है?"

"नाही," मी म्हटलं.

"तो फिर ठीक है. नहीं तो मैं पूछता, एक इंजन में दो पिस्टन डालोगे क्या?"

मी तरी पिस्टन घेतला. दुकानदारासमोर हरायचं नव्हतं. आईकडे आलो तर तिनं कपाटातून तसलाच दुसरा खोका काढून माझ्या खोक्याशेजारी ठेवला.

"यापुढे काय आणलं, काय लावलं, ते मला सांगून जायचं," ती म्हणाली. "तुझं त्याला सांगीन, त्याचं तुला. कळलं?"

तेव्हापासून आई आमच्यातली तार झाली. आणि तार म्हणून ती एकदम चोख होती. निरोपात एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही, आवाजाला चढ-उतार नाही.

"तो म्हणाला, त्या गाढवाला सांग, टायमिंग चेन मी बसवली, पुन्हा खोलू नको."

"गाढव म्हणाला?"

"मी मनाचं काही घालत नाही."

"मग त्याला सांग, चेन मी बघितली, एक दात मागे होती, मी सरळ केली. आणि सांग, हे मोबाईलवर व्हिडिओ बघून होत नाही. याला डोकं लागतं."

दुसऱ्या दिवशी उत्तर तयार. "तो म्हणाला, दात मागे नव्हता, तुझी अक्कल मागे आहे. त्यानं चेन पुन्हा होती तशी केली."

मी पुन्हा खोलली. खरं सांगायचं तर त्याची बरोबर होती. मी ती तशीच ठेवली आणि निरोप दिला की आता मी बरोबर केली आहे.

टॅपेटचं तर विचारू नका. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा दाबणारे दांडे, त्यांच्यात कागदाएवढी फट ठेवायची असते. मी पट्टी घालून मापून फट ठेवायचो, दादा संध्याकाळी येऊन ती अंगठ्याच्या अंदाजानं सैल करायचा. त्याला टकटक आवाज आवडतो. इंजिन जिवंत वाटतं म्हणे. मी सांगायचो, "त्याला सांग, टॅपेटला हात लावू नको." तो सांगायचा, "त्याला सांग, हात माझे आहेत." आई सकाळी हे ऐकायची, संध्याकाळी ते बोलायची, मधल्या वेळात डाळ निवडायची. कधी तिचा भाऊ, आमचा चामटोलीचा मामा, तांदूळ नाहीतर भाजी घेऊन यायचा. तो आमचं इंजिन बघायचा आणि आईला म्हणायचा, "ताय, माझ्याकडं चल ना राहायला. जागा हाय, मानसं हायेत." आई हसून विषय बदलायची. मला त्याचा राग यायचा. दोन मुलगे असताना बाईनं माहेरी जायचं म्हणजे चाळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आणि तो विषय आम्ही मार्गी लावलाच. एका सकाळी आई चहा ठेवून म्हणाली, "तो म्हणाला, दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत आई त्याच्याकडे. पाडव्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत तुझ्याकडे. चालेल का विचार."

मी तेव्हा कार्बोरेटरच्या जेटमधून तार घालून बघत होतो. "चालेल, सांग त्याला. आणि सांग, उन्हाळा माझ्या वाट्याला दिलास, माझ्याकडे गच्चीखालचं घर आहे, भट्टी होते. पण चालेल."

"उन्हाळ्याचं सांगू?"

"सांग ना. कळू दे त्याला."

"बरं," आई म्हणाली. ती स्वतःला आई म्हणाली होती, जशी दुसऱ्याच कुणाची आई असावी, हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात एवढंच आलं की प्रश्न सुटला आणि आता फक्त गाडी राहिली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दादानं हेड बसवून टाकलेलं. नट नीट आवळलेले, चूक काढायला जागा नव्हती. मला त्याचाच जास्त राग आला. "काय निरोप?" मी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली आणि आत गेली.

मला बरं वाटलं. दादाला बोलायला काही उरलं नाही, म्हणजे तो थकला. मी तासाभरात इंजिन गाडीवर चढवलं, सायलेन्सर उचलला, इंजिनाच्या भोकाशी लावला आणि नट आवळून टाकले. अंगणात कुंभारणी घोंघावत होत्या, त्या मातीची घरं बांधणाऱ्या माश्या. बाहेरच्या कुलपाच्या भोकातसुद्धा त्यांनी चिखल भरला होता. मी एक-दोन हाकलल्या. पेट्रोल ओतलं, तेल ओतलं, बाबांच्या फोटोकडे बघून किक मारली.

दोनदा खोकली आणि मेली.

पुन्हा किक. पुन्हा खोकली. मग किक जड झाली, पाय उलटा फेकला गेला आणि कार्बोरेटरमधून पेट्रोलचा फवारा माझ्या पँटवर आला. मी कंपनीत गेलो तेव्हा अंगाला पेट्रोल पंपाचा वास येत होता. ऑपरेटर लोक माझ्यापासून लांब बसले.

नवीन बांधलेलं इंजिन चालू होत नाही तेव्हा तीन गोष्टी बघतात. ठिणगी, पेट्रोल, दाब. दुसऱ्या दिवशी मी प्लग काढला, हेडला टेकवला, किक मारली. निळी, जाड ठिणगी. प्लग ओला होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला, किकनं अंगठा उडवला. दाबही होता. तिन्ही गोष्टी जागेवर आणि गाडी मेलेली. पेशंटचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट उठत नाही, तसला प्रकार. मग चूक एकच माणूस करू शकत होता.

"त्याला सांग, व्हॉल्व्ह त्यानं नीट घासले नाहीत."

आईनं मान हलवली. मला ते हो वाटलं.

संध्याकाळी दादानं काय केलं ते सकाळी मला खुणांवरून कळायचं. कार्बोरेटर खोलून पुन्हा लावलेला. नवी कॉइल. टॅपेट अर्थातच सैल. एअर फिल्टर काढून कोपऱ्यात फेकलेला. निरोप मात्र नाही. "काही म्हणाला का?" "काही नाही." मी विचार केला, आता त्याला लाज वाटायला लागली. तिकडे तोही बहुतेक असाच विचार करत होता. मी मॅग्नेट उघडून टायमिंगची खूण जुळवली. जुळलेलीच होती, तरी जुळवली. चाळीच्या उतारावरून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलत नेली. खालच्या नाक्यापर्यंत ती कुंथत गेली आणि वर मीच तिला ढकलत आणली. शेजारचे काका बाकड्यावर बसून म्हणाले, "लोक गाडीवर बसून जातात रे." मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते पेपर वाचायला लागले.

माझा उजवा गुडघा सुजला. दादाही लंगडतो असं बायकोला वहिनीकडून कळलं. मला समाधान वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. सगळा वेळ आई उंबऱ्यावर बसून असायची. आम्हाला वाटायचं, तिला इंजिनातलं काय कळतंय.

दसरा आला. खोली रिकामी करायच्या आधीचा शेवटचा सण. आईनं दोघांनाही सकाळीच बोलावलं होतं, आणि सुट्टी असल्यामुळे पाळीचं कारण देता येईना. मी आलो तर दादा आधीच गाडीपाशी होता. मी आईच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडलो. दादाच्या पाया पडायची रीत आहे, ती मी गाडीच्या पलीकडून जाऊन चुकवली. चौरंग पुन्हा धुऊन ठेवला होता. त्यावर हळद-कुंकवाचं ताट, झेंडूचा हार, बाबांची हातोडी आणि पान्यांचा जुना संच.

"बंद गाडीला हार घालायचा नाही," आई म्हणाली. "चालू करा."

दादानं किक मारली. मी मारली. पुन्हा त्यानं. कार्बोरेटर फस्सकन मागे थुंकला आणि दादाचा नवा शर्ट ओला झाला. मला हसू आलं, मग तो म्हणाला, "आई, त्याला सांग, हसणं सोपं आहे. कार्बोरेटर त्यानं घाण केलाय."

"आई, त्याला सांग, व्हॉल्व्ह त्यानं घासले. आत्ता सिद्ध करतो."

मी पाना उचलला. सायलेन्सर काढला की त्या भोकातून व्हॉल्व्ह दिसतो, आणि तो नीट बसलेला नाही हे मला सगळ्या चाळीला दाखवायचं होतं. नट सोडले, सायलेन्सर खाली ओढला, मोबाईलचा उजेड आत मारला. व्हॉल्व्ह दिसला नाही. काहीतरी काळं, गच्च कोंबलेलं दिसलं. पकडीनं धरून ओढलं तर ते लांबच लांब येत राहिलं. तेलानं काळं झालेलं, थोडं जळलेलं. अंगणात झटकलं तेव्हा कळलं, बाबांच्या बनियनचा अर्धा भाग होता. खांद्याला आईनं घातलेला रफू अजून शाबूत होता.

श्वास घ्यायला जागा होती, सोडायला नव्हती. म्हणून गाडी दोनदा खोकून मरत होती आणि पुढून जाता येईना म्हणून मागे थुंकत होती. ठिणगी, पेट्रोल, दाब, सगळं ठीक असून.

"आई!" मी ओरडलो. "विचार त्याला, हे काय आहे! नरडं आवळून ठेवलं गाडीचं आणि वर कार्बोरेटरला नाव!"

"आई, त्याला सांग, कुंभारणी भोकात चिखल भरतील म्हणून मी हेड बसवल्यावर फडकं कोंबलं होतं. सगळेच कोंबतात. आणि मी तुला सांगितलं होतं, सकाळी त्याला सांग, फडकं काढूनच सायलेन्सर लाव. सांगितलं होतं की नाही? आंधळ्यासारखा लावला त्यानं, त्याला मी काय करू?"

दोघंही आईकडे वळलो. ती उंबऱ्यावर बसली होती. तिनं झेंडूच्या हाराचा दोरा दातानं तोडला.

"सांगितलं होतं त्यानं," ती म्हणाली. "मी नाही सांगितलं तुला."

"विसरलीस?"

"नाही. रोज आठवण होती. तू टॅपेट बघत होतास तेव्हा होती, तो कार्बोरेटर खोलत होता तेव्हा होती."

"आई, आमचे गुडघे गेले!"

"माझी जीभ झिजली, त्याचं काय? आधी चालू करा. मग बोलते."

सायलेन्सर चढवला. नट मी आवळले, पाईप दादानं खालून धरला, कारण एकट्यानं ते होत नाही. किक त्यानं मारली. एकाच किकमध्ये गाडी सुरू झाली. आधी पांढरा धूर निघाला, मग आवाज एकसारखा झाला. टॅपेट टकटक वाजत होते. चाळीतली माणसं बाहेर आली. मला वाटलं होतं मला आनंद होईल. मला वाटत होतं की किक माझी असायला हवी होती.

आईनं हँडलला हार घातला, टाकीवर पोचा आहे तिथेच कुंकवाचं बोट लावलं. मग म्हणाली, "बंद कर ती."

दादानं बंद केली. आई आत गेली आणि कापडी पिशवी आणि औषधांचा डबा घेऊन बाहेर आली. पिशवी आधीच भरलेली होती.

"मी चामटोलीला चालले. भावाला कळवलंय. दोघांपैकी कुणीतरी सोडा."

"अगं, पण ठरलंय ना," दादा म्हणाला. "पाडव्यापर्यंत माझ्याकडे."

"ठरलंय. माझ्याच तोंडून ठरलंय. माझे महिने मीच तुझ्याकडून त्याच्याकडे नेले, त्याच्याकडून तुझ्याकडे आणले. उन्हाळ्याचीसुद्धा तक्रार मीच पोचवली." आवाज तोच, निरोपाचा, सपाट. "त्या दिवसापासून निरोप बंद. म्हटलं, बघू, फडक्याएवढी एक गोष्ट हे एकमेकांना विचारतात का. दोघांच्या खिशात फोन आहेत. विचारलं असतंत, तर मी आले असते, आधी तुझ्याकडे, मग त्याच्याकडे. नाही विचारलंत. पाडव्याला मला इकडून तिकडे नेणार, तेव्हा माझ्या गोळ्यांचं कोण कुणाला सांगणार? माझं दुखलंखुपलं कोण सांगणार? माझा निरोप पण मीच न्यायचा का?"

कंपनीत पाळी बदलताना सुटणारा माणूस येणाऱ्याला मशीन समजावून न देता गेला तर मी त्याच्यावर ओरडतो, सगळ्या शॉपला ऐकू जाईल असा ओरडतो. ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं, आणि आईचाही राग आला, की हे तिनं सगळ्या चाळीसमोर बोलायला नको होतं.

ती येऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसली, एका बाजूला पाय सोडून, पिशवी मांडीवर घेऊन. म्हणजे चालवायचं कुणी, ते आम्ही ठरवायचं होतं. दादाचा शर्ट पेट्रोलनं ओला होता. मी पुढे बसलो. दादानं औषधांचा डबा पिशवीत घातला आणि तिला म्हणाला, "आई, त्याला सांग, इंजिन नवीन बांधलंय, चाळीसच्या वर..."

आई समोर बघत राहिली. जणू तिच्याशी कुणी बोललंच नाही.

मग दादानं माझ्याकडे बघितलं. "चाळीसच्या वर नेऊ नको."

"माहीत आहे."

"आणि तिची रात्रीची गोळी अर्धी करून द्यायची. अख्खी घेतली की तिला चक्कर येते. मामाला सांग."

हे मला माहीत नव्हतं. रात्रीची गोळी माझ्या पाळीत येतच नव्हती. मी म्हटलं, "सकाळची उपाशीपोटी असते. चहाच्या आधी."

"चहाच्या आधी?" तो म्हणाला. त्यालाही माहीत नव्हतं. "पट्टी संपत आली असेल."

"परवाच आणली. डब्यात खाली आहे."

एवढं बोलायला आम्हाला मिनिटही लागलं नाही. मला वाटलं, आई आता उतरेल. दादालाही तेच वाटलं असणार, कारण त्यानं पिशवीला हात लावला. आईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

"झालं सांगून? चल आता."

चामटोलीपर्यंत गाडी चाळीसवर छान चालली. मामा पडवीत खाट टाकून वाट बघत होता. आई उतरली, गाडीची चावी माझ्या हातातून काढून घेतली आणि कनवटीला लावली.

"ही इथेच राहू दे," ती म्हणाली. "कावळ्याला गाडीचा शब्द दिला होता, तो पाळलात. माझा शब्द दिलात तेव्हा तो हलला नव्हता. मी बघत होते."

मग ती आत गेली. मी थोडा वेळ हार घातलेल्या गाडीपाशी उभा राहिलो आणि रिक्षा मिळते का बघायला रस्त्यावर आलो.